बेसबॉलचे कोडे आणि सुर्ल्याची वसरी

एक माणूस घरातून निघाला. निघाला तो धावतच. थोडे अंतर जाऊन तो डावीकडे वळला, पुढे पुन्हा डावीकडे वळला, तिसऱ्यांदाही डावीकडेच वळला आणि घराशी परत आला. पाहतो तो काय, मुखवटे घातलेले दोन इसम तेथे त्याची वाट पाहत आहेत! हे दोघे कोण?

अमेरिकेतील शाळकरी मुलांमध्ये हे कोडे फार लोकप्रिय आहे. थोरामोठ्यांच्या मेजवानीतही ते घातले जाते, आणि ज्याला उत्तर येत नाही त्याची थोडी थट्टाही होते. आता हेच कोडे डिचोली तालुक्यातील सुर्ला गावी कोणी रात्रीच्या जेवणानंतर वसरीवर घातले, अशी कल्पना करावी. (गोव्यात सुर्ला एकच नव्हे. सत्तरीच्या घाटात एक सुर्ला आहे आणि महादेवाच्या पुरातन मंदिरामुळे नावारूपाला आलेले तांबडी सुर्ला ते आणखी निराळे. येथे अभिप्रेत आहे ते डिचोलीच्या खाणपट्ट्यातील सुर्ला.) गोव्यात कोड्याला हुमाणे म्हणतात, आणि हुमाण्याची गोडी तेथे लहानांना आहे तशीच वडीलधाऱ्यांनाही आहे. तेव्हा उत्तरांना तोटा पडणार नाही. एखादे पोर म्हणेल, चोर. २०२० च्या साथीचे दिवस आठवणारा म्हणेल, आरोग्यखात्याची माणसे. आणि कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली आजी म्हणेल, "अरे, ती जत्रेची रात्र असणार. एक गणपती आणि दुसरा संकासुर!" डिचोली-पेडण्याकडे जत्रेत दशावतारी काला होतो आणि त्यात ही दोन सोंगे येतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आजीचे उत्तर हसण्यावारी नेता येणार नाही. किंबहुना, सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर तेच होय.

परंतु कोडे घालणाऱ्याच्या वहीत ते चूक ठरते. कारण खरे उत्तर असे आहे, की ते दोघे म्हणजे बेसबॉलच्या खेळातला कॅचर आणि त्याच्या मागचा पंच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. मैदानावर नव्वद फूट बाजूचा एक चौरस आखलेला असतो. तो एका कोनावर उभा केल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हिरा म्हणतात. चारही कोपऱ्यांवर एकेक ठाणे. आपल्याकडच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर हे चार भोज्ये. त्यांपैकी ज्या भोज्याशी फलंदाज उभा राहतो त्याचे नाव 'होम', म्हणजे घर. समोर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू येतो, आणि तो जमिनीवर टप्पा घेत नाही. फलंदाजाच्या हातातली बॅट क्रिकेटच्या बॅटीसारखी चपटी नसते. ती मुसळासारखी गोल असते. टोला बसला की बॅट तेथेच टाकायची आणि पळत सुटायचे. क्रिकेटचा फलंदाज दोन टोकांमध्ये येरझारा घालतो. हा मात्र प्रदक्षिणा करतो, आणि तीही उलटी. तीन भोज्ये पार करून पुन्हा घराला पाय लागला म्हणजे एक धाव पदरात पडते. घराच्या मागे चेंडू अडवण्यासाठी कॅचर बसलेला असतो, आणि त्याच्या पाठीशी पंच. दोघांच्याही तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. हा मुखवटा हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थेयर याने तलवारबाजांच्या मुखवट्यावरून तयार केला आणि १८७८ साली त्याचे पेटंट घेतले. लोककोड्यांचे वय सहसा कोणाला सांगता येत नाही. या कोड्याला मात्र शेदीडशे वर्षांपेक्षा अधिक वय असणे शक्य नाही, कारण त्यापूर्वी कॅचरला मुखवटाच नव्हता.

या कोड्याची सारी गाठ 'घर' या एका शब्दात आहे. मौज अशी, की तीच गाठ मराठीतही मारता येते. सारीपाटाचा खेळ पाहावा. सोंगटी मधल्या घरातून निघते, बेसबॉलच्या गड्याप्रमाणेच उलट्या दिशेने साऱ्या पटाला वळसा घालते आणि घरी परतली म्हणजे कृतार्थ होते. तेव्हा कोडे असे रचता येईल: 'घरातून निघाली, गाव फिरली, वाटेत मेली तर पुन्हा घरातूनच जन्मली; ती कोण?' सारीपाट पाहिलेल्या मुलाला हे सुटेल. न्यूयॉर्कच्या मुलाला सुटणार नाही, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही.

येथेच कोड्याच्या न्यायाचा प्रश्न उभा राहतो. कोडे घालणाराने उत्तर लपवावे, परंतु उत्तराची वस्तू लपवू नये. ती वस्तू दोघांनीही पाहिलेली असली पाहिजे. सोडवणाऱ्याने तिच्याकडे एका बाजूने पाहिले असेल आणि घालणारा तिची दुसरी बाजू दाखवत असेल, एवढाच दोघांमध्ये फरक. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात बारा आऱ्यांच्या चाकाचे वर्णन आहे, आणि त्यावर जोडीजोडीने सातशे वीस पुत्र उभे आहेत. वर्ष, त्याचे बारा महिने, आणि तीनशे साठ दिवस व तितक्याच रात्री! ऋषीने काहीही लपवलेले नाही. वर्ष तर प्रत्येकाच्या डोक्यावरून जातेच. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. एवढी वर्गवारी करणाऱ्या पंडितांनाही शेवटी ऐकणाऱ्याच्या अनुभवाचाच आधार घ्यावा लागतो.

याच्या उलट उदाहरण बायबलच्या जुन्या करारात, शास्ते या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आहे. शमशोनाने आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस सोबत्यांना कोडे घातले आणि तीस जोड वस्त्रांची पैज लावली. मुदत सात दिवसांची. कोड्याचे उत्तर होते, मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी केलेले पोळे. हे दृश्य शमशोनाने एकट्याने पाहिले होते. आईबापांनाही त्याने ते सांगितले नव्हते. मग त्या तिसांनी ते ओळखावे कसे? त्यांनी त्याच्या नवरीला धाक घालून उत्तर काढून घेतले, आणि त्या एका कोड्यापायी पुढे तीस माणसांचे प्राण गेले. अन्यायाचे कोडे शेवटी बुद्धीने सुटत नाही, ते धाकदपटशाने सुटते. ही कथा लहान मुलांना सांगताना सिंहाच्या पराक्रमावर भर दिला जातो. कोड्यातला अन्याय बहुधा कोणी दाखवत नाही.

हा सारा पाल्हाळ करमणुकीच्या कोड्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. तर बेसबॉलचे कोडे एकदा खरोखरच मोठ्या लोकांच्या नशिबाशी जाऊन भिडले होते, ते सांगण्यासाठी.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्यात भरती झालेल्या लक्षावधी तरुणांची बुद्धी मोजण्याचे काम रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. सुमारे साडेसतरा लाख माणसांची परीक्षा झाली. ज्यांना इंग्रजी वाचता येत होते त्यांच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा होता: क्रिस्टी मॅथ्यूसन कोण म्हणून प्रसिद्ध आहे? लेखक, चित्रकार, बेसबॉल खेळाडू, की विनोदी नट? मॅथ्यूसन हा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा नामांकित गोलंदाज. बॉस्टनच्या गल्लीत वाढलेल्या पोराला हा प्रश्न म्हणजे प्रश्नच नव्हे. परंतु दोनचार वर्षांपूर्वी इटलीहून किंवा पोलंडहून बोटीने आलेल्या, दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या तरुणाने मॅथ्यूसनचे नाव ऐकावे कोठून? त्याने चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढली, आणि त्याची नोंद 'अजाण' अशी न होता 'मंदबुद्धी' अशी झाली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना चित्रे दिली, आणि चित्रातले काय राहिले आहे ते काढून दाखवण्यास सांगितले. त्यांतल्या एका चित्रात टेनिसचे जाळे राहिले होते! ज्याने टेनिसचे मैदान जन्मात पाहिले नाही त्याने जाळे काढावे, नाहीतर बुद्धी कमी.

एवढ्यावरच हे थांबले नाही. १९२३ मध्ये कार्ल ब्रिगम याने याच परीक्षांच्या आधारे ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की दक्षिण व पूर्व युरोपातून येणारे लोक उपजतच बुद्धीने कमी. १९२४ साली त्या देशांतून येणाऱ्यांची संख्या कठोरपणे मर्यादित करणारा कायदा अमेरिकेत झाला. तो कायदा या परीक्षांमुळेच झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यामागे इतर कारणे पुष्कळ होती. परंतु ज्यांना ती दारे बंद करायची होती त्यांच्या हाती हे आकडे आयते आले, यात शंका नाही. ब्रिगमने १९३० मध्ये आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. तोपर्यंत दारे बंद होऊन सहा वर्षे लोटली होती.

त्याच देशात, त्याच खेळावरून, या चुकीचे उत्तरही पुढे मिळाले. १९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनी सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. आणि या दोन्ही गटांत काहींना बेसबॉलची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. सर्वांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. समोर लाकडी बाहुल्या मांडलेले छोटे मैदान ठेवले आणि वाचलेले हलवून दाखवा, सांगा, असे म्हटले. निकाल असा आला, की वाचनात कच्ची परंतु खेळाची माहिती असलेली मुले, खेळ ठाऊक नसलेल्या हुशार वाचकांच्या पुढे गेली. म्हणजे ज्याला आपण 'वाचून समजत नाही' म्हणतो त्याला पुष्कळदा अक्षर अडत नाही. अक्षरापलीकडचे मैदान त्याने पाहिलेले नसते. शाळेत मागल्या बाकावर बसवल्या जाणाऱ्या किती मुलांचे असे झाले असेल, हे मोजण्याची सोय नाही.

आणि न पाहिलेली वस्तू एकदा दाखवली तर? २००८ साली भारतात चेंडूफेकीची एक स्पर्धा झाली. तीत रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले. त्यांना बेसबॉलचा गंधही नव्हता. त्यांना अमेरिकेत नेऊन शिकवण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक मंडळाने दोघांशी करार केला. मॅथ्यूसनचे नाव त्यांना विचारले असते तर पहिल्याच दिवशी ते नापास झाले असते.

आता पुन्हा सुर्ल्याच्या वसरीवर यावे. तेथील मुलांना बेसबॉल अपरिचित असला, तरी त्याची भावंडे त्यांच्या अंगणात आहेत. विटीदांडूला गोव्यात कोयंडोबाल म्हणतात. लाकडाने टोला हाणायचा, दुसऱ्याने झेलायचे, झेल गेला की डाव संपला. हे सूत्र दोन्हीकडे सारखेच. लगोरी तर याहून जवळची. लगोरीत रचलेल्या खापऱ्या पाडून पळणाऱ्याला चेंडू मारून बाद करतात. बेसबॉलच्या जुन्या रूपांतही पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू मारून त्याला बाद करण्याची चाल होती. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले तेव्हा ती बंद केली. पाठीवर लगोरीचा चेंडू ज्याने खाल्ला आहे त्याला या नियमामागची कळवळ समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा मुलांना बेसबॉलच्या कोड्यापाशी न्यायचे असेल तर वाट या खेळांतूनच जाते. आधी त्यांच्या पाहण्यातले विचारावे. 'दोघे भाऊ एकाच झाडाचे. थोरला धाकट्याला मारून हाकलतो, आणि तो किती लांब गेला ते स्वतःच लोळण घेत मोजतो.' ज्याने दांडूने अंतर मोजले आहे तो हे ऐकताच हसेल. 'सात मजली घर. पाडणाऱ्यानेच ते मार खात पुन्हा बांधायचे.' ही लगोरी. मोठ्यांसाठी यापेक्षा अवघड हवे असेल तर असे विचारावे: 'पोर मराठी, अंगण मराठी, भांडण मराठी, मोजणी मात्र परप्रांताची. खेळ कोणता?' महाराष्ट्रात विटीदांडू खेळताना मुले वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजत, आणि हे आकडे तेलुगू-कानडीच्या कुळातले आहेत. आपण दुसऱ्या भाषेत मोजत आहोत याची त्या मुलांना कल्पनाही नसे. भाषेच्या अभ्यासकांना मात्र त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ सापडते.

त्यानंतर बेसबॉल. शक्य असल्यास खेळाची चित्रफीत दाखवावी. ते नसेल तर वसरीच्या मातीत काडीने हिरा काढून चार खडे मांडावेत. मग कोडी घालावीत. लहानांसाठी: 'पाचही बोटे आहेत, पण हात नाही; येईल ते धरतो, फेकत मात्र नाही.' हा झेलणाऱ्याचा चामडी हातमोजा. मोठ्यांसाठी: 'सारे ज्यासाठी धापा टाकत पळतात, ते एकाला हात न हलवता मिळते आणि तो चालत जातो. त्याने काय केले?' त्याने काहीही केले नाही, हेच उत्तर. नियमाबाहेर आलेले चार चेंडू त्याने न मारता सोडून दिले, की पहिल्या भोज्यावर चालत जाण्याचा हक्क त्याला मिळतो. मोह आवरण्याचे असे रोख बक्षीस देणारा खेळ विरळाच.

आणि एक कोडे असे, की ज्याची अर्धी किल्ली सुर्ल्याच्या आजीपाशीच आहे. 'मोजून एकशे आठ, पण माळ नव्हे. जप नाही, फक्त मार.' एकशे आठ म्हटल्याबरोबर आजीचा हात जपमाळेकडे जाईल. अमेरिकेत ज्याने हा खेळ जन्मभर पाहिला त्यालाही हा आकडा ऐकून काही आठवेलच असे नाही. बेसबॉलच्या चेंडूवर तांबड्या दोऱ्याचे एकशे आठ दुहेरी टाके असतात आणि चामड्याचे दोन तुकडे त्यांनी एकत्र शिवलेले असतात. येथे आजीने माळ पाहिली आहे, अमेरिकेतल्या नातवाने चेंडू पाहिला आहे. परदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत सुट्टीत अशी गाठ पडते. आजीला चेंडू ठाऊक नसतो, नातवाला माळ ठाऊक नसते. हे कोडे दोघांनी मिळून सोडवण्याचे आहे.

मात्र कोड्यांची ही वाहतूक एकाच दिशेने होऊ नये. तिकडचे कोडे इकडे आले, तसे इकडचेही तिकडे गेले पाहिजे. मांडवीकाठच्या खाजन शेतीत खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालतात आणि त्या बांधात लाकडी दारांचा मानस बसवतात. नदीची भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्याने दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या रेट्याने तेच दार उघडते आणि साचलेले पाणी निघून जाते. राखण करायला रात्री कोणी जागे राहावे लागत नाही. सुर्ल्याच्या एखाद्या मुलाने ते एकदा पाहिले, की त्याने न्यूयॉर्कला असे कोडे धाडावे: 'दार आहे, कडी नाही, कोणी लोटत नाही, कोणी ओढत नाही, येणाऱ्याला पाहून मिटते, जाणाऱ्याला पाहून उघडते.'

न्यूयॉर्कचे पोर क्षणभर डोके खाजवील आणि सांगेल, मोठ्या दुकानाचे आपोआप सरकणारे काचेचे दार. पण ते येणाऱ्याला पाहून मिटते कसे, एवढे मात्र त्याला कळणार नाही. दुकान बंद व्हायची वेळ झाली असेल, असे तोच मग म्हणेल.